पाठमोरं वाचन

दिनांक ९ सप्टेंबर २०१२, रविवार. रुपये तीनशे चाळीस फक्त.

एवढ्या पैशांत मैनुद्दीन अत्तार यांनी कुंभारवेशीजवळच्या जुन्या बाजारातून एक रेडिओ घेतला. विकणारा पाचशेच्या खाली उतरायला तयार नव्हता. मैनुद्दीनभाईंनी रेडिओ उलटा केला, मागचं झाकण उघडलं, आतल्या दोन तारा बोटाने दाखवल्या आणि म्हणाले, "याला पाचशे? असला माल लोक माझ्या दुकानात टाकून जातात, परत न्यायला येत नाहीत." मी शेजारी उभा होतो. रेडिओ कशाला हवा आहे हे बोलायचं नाही, नाहीतर भाव चढेल, अशी मला घरूनच ताकीद मिळाली होती. सांगितलं असतं तरी त्याचा विश्वास बसला नसता. मैनुद्दीनभाईंच्या पत्नी आबेदाबाई एकोणचाळीस वर्षांच्या होत्या, आणि दहावीच्या परीक्षेसाठी त्यांना इंग्रजी ऐकायचा सराव करायचा होता. तो रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या ऐकून होईल, ही कल्पना माझी. ती किती चुकीची होती ते पुढे येईलच.

अत्तारांचं घर कसबा पेठेत, आमच्या घरासमोरच्या बोळात. मैनुद्दीनभाई प्रेशर कुकर आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात. आबेदाबाई बोळाच्या तोंडाशी असलेल्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. मदतनीस म्हणजे मुलांना घरोघरी जाऊन गोळा करायचं, खोली झाडायची, खाऊ वाटायचा, कोणी चड्डी ओली केली तर बदलायची. शिकवणं, वजनं घेणं आणि सह्या करणं हे सेविकेचं काम. आमच्याकडे सेविका होत्या तुळजाबाई. पण त्यांचे गुडघे गेल्यापासून गाणी आबेदाबाई म्हणायच्या, वजनंही त्याच घ्यायच्या, आणि तुळजाबाई खुर्चीत बसून मान हलवायच्या. मानधन मात्र ज्याच्या त्याच्या पदाप्रमाणे.

तुळजाबाई पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. तपासणीला येणाऱ्या पर्यवेक्षिका बाईंनी आबेदाबाईंना सांगून ठेवलं होतं, "दहावी पासचा कागद आणा, तुमचं नाव पुढे पाठवते. नाही आणलात तर बाहेरून मुलगी येईल. मग माझ्यासमोर रडायचं नाही."

आमच्या भागात सेविकेची जागा वर्षानुवर्षं रिकामी होत नाही. ही संधी गेली असती तर पुढच्या वेळी आबेदाबाईंचं वय निघून गेलं असतं, आणि ज्या खोलीत त्या सगळं शिकवत होत्या त्याच खोलीत एखाद्या विशीतल्या मुलीच्या हाताखाली केर काढत त्यांची उरलेली नोकरी गेली असती. बाकीचे सगळे विषय त्यांनी बाहेरून बसून सोडवले होते. गणितसुद्धा. इंग्रजी राहिलं होतं. पहिल्यांदा अठ्ठावीस, दुसऱ्यांदा एकतीस. पस्तीस पाहिजेत.

माझ्या गळ्यात हे काम माझ्या बायकोने घातलं. श्यामला भाजी घेताना आबेदाबाईंशी बोलत होती आणि मी मागे पिशवी धरून होतो. ती म्हणाली, "यांना विचारा की. बी.कॉम. आहेत. ऑफिसात दिवसभर कोणी यांचं ऐकत नाही, तुम्ही तरी ऐकाल."

मी बुधवार पेठेत विजेच्या सामानाच्या एका घाऊक पेढीत हिशेबनीस आहे. माझी इंग्रजी पत्रव्यवहाराची. आपल्या अमुक तारखेच्या पत्रास अनुसरून, माल फुटलेल्या अवस्थेत मिळाला, त्वरित उत्तराची अपेक्षा आहे, इथपर्यंत ती उत्तम चालते. मी तसं सांगितलं. आबेदाबाई म्हणाल्या, "काका, मला पस्तीसच पाहिजेत. तुम्हाला किती येतं ते मी विचारलंच नाही."

झालं. संध्याकाळी पेढीवरून आलो की चहा पिऊन मी अत्तारांकडे जाऊ लागलो.

त्यांच्या घरी पुढच्या खोलीत एक लोखंडी खाट. तिच्यावर आबेदाबाईंच्या सासूबाई, मदिनाबी. वय ऐंशीच्या आसपास, नजर अधू, कान मात्र शाबूत. अडकित्ता आणि सुपारी घेऊन त्या बसलेल्या असत. शिकवणी त्यांच्यासमोर चाले आणि त्यांच्या शेऱ्यांसकट चाले.

पहिल्या दिवशी मी मागच्या प्रश्नपत्रिकेतला एक उतारा वाचायला दिला. समुद्रकाठचा दिवा सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट होती. आबेदाबाईंनी डोक्यावरून पदर घेतला, पाठ ताठ केली आणि वाचायला सुरुवात केली. मी थक्क झालो. एवढं स्वच्छ वाचन आमच्या पेढीत कोणी केलं नसतं. एकही शब्द अडला नाही, आवाज सुरेख, गती एकसारखी. शेवटचा शब्द संपला तसं त्यांनी पुस्तक मिटलं आणि दोन्ही हातांनी अलगद बाजूला ठेवलं.

मी विचारलं, "म्हाताऱ्याने दिवा का विझू दिला नाही?"

"कोणता म्हातारा?"

"आत्ता वाचलात तो."

"म्हातारा होता का त्यात?" त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, जणू त्यांना माहीत असावं. "मी तर वाचलं, काका. कुठे चुकलं का?"

"चुकलं काहीच नाही. पण त्यात काय होतं?"

"ते तुम्ही सांगायचं ना."

मी पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तसंच निर्दोष, तसंच कोरं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा मदिनाबींनी अडकित्ता थांबवला. "भाऊ, उगाच तिचा घसा कशाला सुकवता? आमच्याकडं वाचणं म्हणजे वाचणं. लहानपणी कुराण शिकवणाऱ्या आपांकडं अरबी वाचायला शिकली. अक्षर चुकलं की हातावर छडी. अर्थ विचारायची छाती कुणाची? अर्थ मोठी माणसं सांगतात. सून माझी एका दमात पानंच्या पानं वाचते, गल्लीत तिचं नाव आहे."

तेव्हा मला कळलं की अडचण इंग्रजीची नव्हतीच. वाचन म्हणजे शब्द अदबीने आणि शुद्ध उच्चारणं, हे या बाईंच्या अंगात लहानपणापासून भिनलेलं होतं. मध्ये थांबणं म्हणजे चूक. मध्ये थांबून विचार करणं म्हणजे आणखी मोठी चूक.

मी घरी येऊन श्यामलासमोर कुरकुर केली. अर्थ न कळता माणूस वाचतं कसं, हेच मला समजत नाही, असं म्हणालो. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "रोज सकाळी पंचा नेसून काय म्हणता ते?"

"स्तोत्र."

"तिसऱ्या ओळीचा अर्थ सांगा."

मी जेवायला कधी वाढतेस ते विचारलं.

पुढचे काही आठवडे मी फक्त पूर्णविरामाशी भांडत होतो. प्रत्येक वाक्य संपलं की थांबायचं आणि काय कळलं ते मराठीत सांगायचं. आबेदाबाई थांबायच्या, पण चेहऱ्यावर अपराधी भाव आणून. अर्थ सांगायच्या तो परीक्षेत पकडल्यासारखा. "कोणीतरी... कुठेतरी... गेला असेल." मी म्हणायचो, असेल नको, गेला का नाही? "गेला, गेला. तुम्ही म्हणता तर गेला." मला राग यायचा. मी शांत माणूस आहे. ताळेबंद जुळेना तरी मी आवाज चढवत नाही. पण त्या बोळात माझा आवाज चढू लागला. मैनुद्दीनभाई दुकानातून आले की बाहेरच चपला घासत उभे राहायचे आणि विचारायचे, "संपलं का? की जेवायला हॉटेलात जाऊ?"

सुटका अचानक झाली. एकदा मी अंगणवाडीवरून जात होतो. दारात एक तीन वर्षांचं पोर रडत काहीतरी बरळत होतं. मला एक अक्षर कळेना. आबेदाबाई आतून ओरडल्या, "हो, हो, बुटाची नाडी सुटलीय ना, आले." आणि खरंच नाडीच सुटली होती. संध्याकाळी मी विचारलं, तुम्हाला त्याचं बोलणं कळलं कसं?

"त्यात काय. पोर काय मागतंय ते आधी ठरवायचं. पाणी, शू, खाऊ, आई, नाहीतर नाडी. मग त्याच्या बोलण्यातलं तेवढंच ऐकायचं. बाकीचं रडणं असतं."

मी उतारा हाताने झाकला आणि फक्त खालचे प्रश्न समोर धरले. म्हटलं, हे पोर आहे. हे काय मागतंय? त्यांनी पहिला प्रश्न वाचला, शब्दावर बोट ठेवून. "कुठे, असं विचारतंय. कुठे राहत होता." मग म्हटलं, आता उतारा बघा आणि तेवढंच शोधा, बाकीचं रडणं आहे. त्यांनी पदर न घेता, पाठ ताठ न करता, खाटेच्या कडेला टेकून, कुकरची शिट्टी मोजत उताऱ्यावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे बघा, बेटावर."

त्या दिवसापासून वाचन सुधारलं. झपाट्याने नाही, कधी दहात चार, कधी सहा. मी समाधान मानलं. मग आम्ही ऐकण्याकडे वळलो आणि माझं समाधान संपलं.

इंग्रजीच्या शंभरांत वीस गुण शाळेत जाऊन द्यायच्या तोंडी परीक्षेचे. त्यात एक भाग ऐकण्याचा. शिक्षक एक उतारा दोनदा वाचणार आणि विद्यार्थ्याने ऐकता ऐकता चिठ्ठीवरच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची. मागच्या दोन्ही वेळी आबेदाबाईंनी या भागात कोरी चिठ्ठी दिली होती. म्हणून या खेपेला तोंडी पुन्हा द्यायचीच, असं त्यांनी ठरवलं होतं.

रेडिओचा प्रयोग पंधरवडाभर चालला. सकाळी इंग्रजी बातम्या लागल्या की त्या रेडिओसमोर बसायच्या. रोज मी विचारायचो काय कळलं. रोज उत्तर एकच. "क्रिकेट." एकदा क्रिकेटची बातमी नव्हती, त्या दिवशीही क्रिकेट. पुढे मैनुद्दीनभाईंनी रेडिओ दुकानात नेला आणि त्यावर जुनी गाणी लागू लागली. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाईक थांबतं.

मग मीच वाचू लागलो. समोर बसून, सावकाश, माझ्या पत्रव्यवहारी उच्चारात. आबेदाबाई माझ्या तोंडाकडे पाहत, मान हलवत, "हं, हं" करत. पेन मांडीत. वाचून झालं की त्या पेन उचलायच्या आणि तोवर सगळं विसरलेलं असायचं.

"आबेदाबाई, मी वाचत असतानाच लिहायचं."

"हो, काका."

पुन्हा वाचलं. पेन मांडीत. "हं, हं."

"अहो, लिहा."

"तुमचं होऊ द्या की आधी."

असं किती दिवस चाललं ते आठवलं तरी डोकं दुखतं. मी रागावलो, समजावलं, घड्याळ लावलं, प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून दिले. त्यांना कळत नव्हतं असं नाही. वाचता वाचता मध्येच थांबून तोंडी विचारलं तर त्या बरोबर उत्तर द्यायच्या. पण मी बोलत असताना त्यांचा हात कागदाकडे जायचा नाही. शेवटी एका संध्याकाळी मी वही मिटली आणि म्हटलं, माझ्याने होत नाही. तुम्ही दुसरं कोणी बघा.

आबेदाबाईंनी पेनाला टोपण लावलं.  मग आबेदाबाई खाली बघत म्हणाल्या, "काका, समोरचा बोलत असताना त्याच्यासमोर लिहायचं म्हणजे... ते जबाब घेतल्यासारखं होतं."

"कसला जबाब?"

"पर्यवेक्षिका बाई करतात तसं. त्या येतात, विचारतात, खाऊ किती मुलांना दिला, वजनकाटा का बिघडला. आपण सांगत असतो आणि त्या लिहीत असतात. वर बघत नाहीत. लिहून झालं की महिन्याने कारण दाखवा म्हणून कागद येतो. आमच्या सगळ्या बायका त्यांचं पेन हललं की बोलायच्या थांबतात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही घरदार सोडून इथे येऊन वाचता. तुमच्या तोंडावर मी लिहीत बसू?"

 तीस वर्षं मालकांच्या समोर बसून ते सांगतील ते लिहून घेत आलो. मला त्यात कधी अपमान दिसला नव्हता, माझाही नाही आणि मालकांचाही नाही.

मदिनाबी म्हणाल्या, "तोंडावर जमत नाही ना? मग भाऊ, तोंड तिकडं करा."

मी ते चेष्टेत घेतलं. पण दुसरा उपाय नव्हता. खुर्ची फिरवली, बोळाच्या खिडकीकडे तोंड केलं, आबेदाबाईंकडे पाठ केली आणि वाचू लागलो. मागे पेनचा आवाज आला. वाचून वळलो तर पाचपैकी तीन उत्तरं लिहिलेली, तिन्ही बरोबर.

पुढे सगळा हिवाळा मी खिडकीकडे तोंड करून इंग्रजी वाचलं. समोर बोळ. येणारेजाणारे थांबून बघायचे. एकाने विचारलं, "काय यज्ञेश्वरराव, भाषण आहे का?" मी वाचनात खंड पडू दिला नाही. खिडकीतून डास यायचे ते माझ्या तोंडावर. मागून मदिनाबींचे शेरे यायचे. "भाऊ, सदऱ्याची शिवण उसवलीय, मागं. बायकोला सांगा." किंवा, "पाठ दाखवून शिकवणारे मास्तर पहिल्यांदा पाहिले. गुरुदक्षिणा पण मागच्या दारानं देऊ का?" आबेदाबाई मात्र लिहीत. दहात सात, दहात आठ. एकदा दहात नऊ आले तेव्हा मैनुद्दीनभाईंनी माझ्या घरच्या कुकरची रबर रिंग फुकट बदलून दिली.

फेब्रुवारी जवळ आला तसं माझ्या लक्षात आलं की परीक्षेत शिक्षक समोर बसणार. हे आधी सुचायला हवं होतं. मी घाईने खुर्ची वळवायला लागलो. एक दिवस थोडी तिरपी, नंतर पूर्ण आडवी. आडवी चालली. पण मी डोळ्याच्या कोपऱ्यातून जरी त्यांच्याकडे पाहिलं तरी पेन थांबे आणि "हं" सुरू होई. श्यामला म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांना इंग्रजी शिकवलं नाहीत, स्वतःला फिरायला शिकवलंत." मला ते लागलं, कारण खरं होतं.

तोंडी परीक्षा नारायण पेठेतल्या एका शाळेत होती. आम्ही चालत गेलो.  शाळेत पुन्हा बसणारी सहा-सात मुलं होती, सगळी सतरा-अठराची, आणि या एकट्या चष्मा लावलेल्या. परीक्षक बाई तरुण होत्या. पोरं त्यांना आनंदी मॅडम म्हणत होती. मी व्हरांड्यात खिडकीपाशी उभा राहिलो. कोणी हटकलं नाही.

बोलण्याची परीक्षा आधी झाली. नाव, गाव, आवडता सण. आबेदाबाईंनी पाठ केलेलं न अडखळता म्हटलं. मग मॅडमनी सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या, टेबलामागे बसल्या आणि वाचायला सुरुवात केली. इंग्रजी माध्यमातल्या बाईंचं इंग्रजी. माझ्या दुप्पट वेगाचं. बागेत हरवलेल्या कुत्र्याबद्दल काहीतरी होतं. मुलांची पेनं चालली. आबेदाबाईंचं पेन मांडीत. त्या मॅडमच्या तोंडाकडे बघत होत्या आणि मान हलवत होत्या. मी खिडकीच्या गजाला घट्ट धरलं. पोर काय मागतंय ते बघा, पोर काय मागतंय. हे मी मनात म्हणत होतो, पण ओठ हलत असावेत, कारण शेजारची एक बाई माझ्यापासून दोन पावलं सरकली.

पहिलं वाचन संपलं. मॅडम म्हणाल्या, "आता दुसऱ्यांदा आणि शेवटचं."

आबेदाबाई जागच्या हलल्या. त्यांनी बाकावर बसल्या बसल्या पाय पलीकडे टाकले आणि मॅडमकडे पाठ करून बसल्या. मागच्या बाकावरचा मुलगा हसला. त्याने आपली चिठ्ठी हाताने झाकली.

"अहो बाई," मॅडम म्हणाल्या, "हे काय? मागच्याचं बघून लिहायचंय का?"

"नाही, मॅडम. तुमच्याकडे बघत लिहायला जमत नाही."

"म्हणजे माझं तोंड बघवत नाही?"

वर्ग हसला. आबेदाबाई वळल्या. त्यांचा चेहरा मला बाजूने दिसत होता आणि कानाची पाळी लाल झाली होती. "तसं नाही, मॅडम. तुम्ही बोलत असताना तुमच्यासमोर लिहायचं म्हणजे कसंतरी वाटतं. सरावात सर पाठ फिरवून वाचायचे."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. बाहेर अजून एक तुकडी थांबली होती. "मी काही भिंतीकडे तोंड करून वाचणार नाही. माझं मला काही वाटत नाही, तुम्ही खुशाल लिहा. नसेल जमत तर डोळे मिटा. सरळ बसा."

त्या चेष्टेत म्हणाल्या होत्या. पुण्यात असं बोललेलं कोणी शब्दशः घेत नाही. आबेदाबाई सरळ बसल्या, चिठ्ठी नीट ठेवली, डाव्या हाताने तिची कड धरली आणि डोळे मिटले.

मॅडमनी कागद पुन्हा उचलला. मग वाचू लागल्या. आबेदाबाईंचं पेन हललं. डोळे मिटलेलेच. पहिल्या ओळीवर दुसरी चढली, तिसरी कागदाच्या कडेपर्यंत गेली आणि बाकावर उतरली. मॅडमचं वाचन मध्येच थोडं संथ झालं की मलाच तसं वाटलं, हे मी सांगू शकत नाही. वाचन संपलं आणि चिठ्ठ्या गोळा झाल्या.

आबेदाबाईंची चिठ्ठी मॅडमनी उभी धरली, आडवी धरली. "हे वाचायचं कोणी?"

"मी वाचून दाखवू?"

"दाखवा."

त्यांनी वाचून दाखवलं, बोट ठेवून, एकेक शब्द. दोन उत्तरं मला खिडकीतून ऐकू आली, ती बरोबर होती. बाकीची बाहेरच्या मुलांच्या गोंधळात गेली. मॅडमनी पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि "पुढची तुकडी" म्हणाल्या.

परत येताना मी विचारलं, किती उत्तरं लिहिलीत? "पाचही लिहिली." बरोबर किती? "डोळे मिटले होते ना, काका." मॅडमनी किती गुण दिले? "ते मी कसं बघणार? त्या लिहीत होत्या, मी खाली बघितलं." मला इतका वैताग आला की शनिवारवाड्यापर्यंत मी दहा पावलं पुढेच चालत राहिलो.  तिथे थांबून त्यांनी चष्मा पदराने पुसला आणि एवढंच म्हणाल्या, "लेखीत मी बघते."

मार्चमध्ये लेखी झाली. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं की न वाचलेला उतारा एका बंद पडलेल्या घड्याळाचा होता, प्रश्न आधी वाचले, आणि पोरं काय मागत होती ते बहुतेक सगळं सापडलं. निबंध सोडून दिला. पत्र मात्र पूर्ण लिहिलं. "तुमच्यासारखंच लिहिलं, काका. त्वरित उत्तराची अपेक्षा आहे." पत्र मैत्रिणीला वाढदिवसाच्या शुभेच्छा देण्याचं होतं.

मे महिन्याच्या शेवटी तुळजाबाई निवृत्त झाल्या. त्यांना नारळ आणि शाल दिली. पर्यवेक्षिका बाईंनी आबेदाबाईंना विचारलं, "कागद?" आबेदाबाई म्हणाल्या, निकाल जूनमध्ये. बाई म्हणाल्या, "जूनमधला पहिला आठवडा संपेपर्यंत थांबते. माझ्याकडे दोन अर्ज येऊन पडलेत." आणि हेही त्यांनी लिहून घेतलं.

निकाल दुपारी एकला इंटरनेटवर लागणार होता. मी पेढीवरून अर्धी रजा टाकली. माझ्या नोकरीत अर्धी रजा मी फार कमी वेळा टाकली आहे. फडके हौदाजवळच्या सायबर कॅफेत आम्ही उभे. आबेदाबाई, मैनुद्दीनभाई आणि मी. संगणक अडत होता, पान उघडत नव्हतं, मागे पोरांची रांग वाढत होती. मैनुद्दीनभाई म्हणाले, "याचं मागचं झाकण काढू का?" शेवटी पान उघडलं.

इंग्रजी छत्तीस. उत्तीर्ण.

मैनुद्दीनभाईंनी पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि ठेवूनच दिलं. आबेदाबाई दोनदा वाचून म्हणाल्या, "छत्तीस म्हणजे एक जास्तच."

मी कॅफेवाल्याला म्हटलं, लेखीचे किती आणि तोंडीचे किती, ते कुठे दिसेल?

"काका, एवढंच येतं. एकूण."

"खाली बघा. दुसरं पान असेल."

"नाही, काका. गुणपत्रिकेवर पण एकूणच असतात."

बेरीज दिसते आणि रकमा दिसत नाहीत, असा हिशेब मी माझ्या टेबलावर एक दिवस ठेवून घेतला नसता. सगळा हिवाळा मी खिडकीकडे तोंड करून बसलो त्याचा या छत्तिसांत एक गुण आहे की पाच आहेत की शून्य, हे कोणालाच कळणार नव्हतं. त्या डोळे मिटून लिहिलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने काय लिहिलं होतं, तेही. मी आबेदाबाईंना म्हटलं, शाळेत जाऊन विचारू या, आनंदी मॅडम सांगतील. त्या म्हणाल्या, "कशाला, काका? झालं ना. आता त्यांना विचारून त्यांनी परत मोजलं तर?"

"मोजलं तर काही कमी होत नाही."

"तुमच्या ऑफिसात नसेल होत."

मैनुद्दीनभाई हसले. मला हसू आलं नाही. मी अजूनही म्हणतो, विचारायला हवं होतं.

आबेदाबाईंनी निकालाची प्रत काढून मागितली आणि ती घडी न घालता हातात धरून तशाच पर्यवेक्षिका बाईंच्या ऑफिसकडे निघाल्या. मैनुद्दीनभाई मागून, छत्री घेऊन. बाई जेवायला उठणार होत्या. त्यांना दारात गाठलं असं नंतर कळलं. जुलैच्या एक तारखेपासून अंगणवाडीत तुळजाबाईंच्या खुर्चीत आबेदाबाई बसतात. म्हणजे बसत नाहीत, उभ्याच असतात. पण खुर्ची त्यांची आहे. नवी मदतनीस आहे, तिची दहावी अजून व्हायची आहे. तिला इंग्रजीसाठी माझ्याकडे पाठवू का, असं आबेदाबाईंनी विचारलं. मी नाही म्हटलं. श्यामलाने हो म्हटलं.

कॅफेत प्रत काढली तेव्हा माझ्याकडे सुटे नव्हते, म्हणून पैसे आबेदाबाईंनी दिले. ते दहा रुपये मी त्यांना अजून देणे आहे.